इलेक्ट्रिक गाडीच्या लपलेल्या सेटिंग्ज स्वतः बदलताना: कोडिंगचा क्रम आणि चुका नेमक्या कुठे होतात

जळगाव, भुसावळ, धुळ्याहून येणाऱ्या निरोपांतली तक्रार जवळपास एकच असते. "भाऊ, व्हिडिओत बघून आरसे आपोआप मिटायचं सेटिंग केलं, ते झालंही. पण आता डॅशबोर्डवर पिवळा दिवा येतोय, आणि आधी काय कोड होता ते ठाऊक नाही." खरी अडचण त्या शेवटच्या वाक्यात आहे. चुकीचा कोड लिहिला गेला तर तो दोन मिनिटांत मागे फिरवता येतो. मूळ कोडच हाताशी नसेल तर गाडी टो करून नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायची वेळ येते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष बदलाला जागा थोडी आहे. बहुतेक मजकूर त्याआधीच्या तयारीचा आणि नंतरच्या तपासणीचा आहे.

सुरुवातीला एक फरक पक्का करून घ्या. गाडीच्या स्क्रीनवरच्या मेनूत जे बदलता येतं ते साधं सेटिंग. कंपनीने मॉड्यूलमध्ये, म्हणजे गाडीचा एकेक भाग सांभाळणाऱ्या छोट्या संगणकात, आधीच ठेवलेला, पण मेनूत न दाखवलेला पर्याय चालू किंवा बंद करणं म्हणजे कोडिंग. आणि मॉड्यूलचं सॉफ्टवेअरच नव्याने भरणं म्हणजे फ्लॅशिंग. हा लेख फक्त कोडिंगचा आहे. फ्लॅशिंग घरी करू नका, कुणी कितीही सोपं आहे म्हणून सांगितलं तरी.

## टप्पा १: आपल्या गाडीला हे जमतं का, ते ठरवा

आधी गाडीचं मॅन्युअल आणि स्क्रीनवरचे सगळे मेनू बघून काढा. दार आपोआप लॉक होणं, गाडी बंद केल्यावर दिवे किती सेकंद राहावेत, चार्जिंगची मर्यादा, रीजनची पातळी (पाय उचलल्यावर मोटर गाडी मंदावून वीज परत बॅटरीत भरते, ती किती) यांतलं बरंच काही तिथेच असतं. ज्यासाठी लोक डोंगल, म्हणजे गाडी फोनशी जोडणारा अ‍ॅडॅप्टर, विकत आणतात, ते कितीदा तरी मेनूत तीन थर आत दडलेलं सापडतं.

मग अ‍ॅप. बीएमडब्ल्यू आणि मिनीसाठी बिमरकोड, फोक्सवॅगन गटासाठी, म्हणजे ऑडी, स्कोडा यांच्यासाठी ओबीडीइलेव्हन किंवा लॅपटॉपवरचं व्हीसीडीएस ही रुळलेली साधनं आहेत. अ‍ॅप विकत घेण्याआधी त्याच्या यादीत आपलं नेमकं मॉडेल आणि वर्ष आहे का ते बघा. नुसतं कंपनीचं नाव दिसलं म्हणून चालत नाही.

आपल्याकडे रस्त्यावर जास्त दिसतात त्या नेक्सॉन ईव्ही, टियागो ईव्ही, झेडएस ईव्ही. यांच्या मालकांना माझं स्पष्ट सांगणं आहे: अ‍ॅपने तुमची गाडी वाचली, म्हणजे तिच्यात लिहायला परवानगी मिळाली असं नाही. यादीत मॉडेल नसेल तर व्होल्टेज बघा, एरर कोड बघा आणि तिथेच थांबा. दुसऱ्या कंपनीचं प्रोफाइल लावून "बघू या काय होतं" हा प्रयोग या गाड्यांवर करू नका.

नव्या गाड्यांत लिहिण्याचा रस्ता कंपनीनेच बंद केलेला असू शकतो. फोक्सवॅगन गटाच्या २०२० नंतर आलेल्या अनेक मॉडेल्समध्ये एसएफडी नावाचं कुलूप आहे. ते कंपनीच्या सर्व्हरकडून उघडून घ्यावं लागतं, तेही ठरावीक वेळेपुरतं. ते उघडत नसेल तर आडवाटेने तोडायला जाऊ नका.

## टप्पा २: काय बदलायचं त्याची यादी करा

वहीत दोन रकाने पाडा. एकात सोयीच्या गोष्टी: लॉक केल्यावर आरसे मिटणं, रिमोटचं बटण दाबून धरल्यावर काचा वर जाणं, इंडिकेटरला एकदा टिचकी मारल्यावर तो तीनऐवजी पाच वेळा लुकलुकणं, लॉक होतानाचा आवाज, घरी पोचल्यावर दिवे किती वेळ राहावेत ते. यांच्यात चूक झाली तर गैरसोय होते, धोका नाही.

दुसऱ्या रकान्यात हात न लावण्याच्या गोष्टी: एअरबॅग, ब्रेक आणि एबीएस, स्टिअरिंग, मोटरचा इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला देणारा भाग), मोठ्या बॅटरीचं नियंत्रण म्हणजे बीएमएस, आणि ओडोमीटर. रीजनची मूळ पातळी मोटरच्या मॉड्यूलमध्ये असेल तर तीही याच रकान्यात टाका. पाय उचलल्यावर गाडी किती जोरात मंदावते आणि मागचा ब्रेक दिवा केव्हा लागतो, हे एकमेकांशी बांधलेलं असतं. कन्नड घाट उतरताना मागच्या ट्रकवाल्याला तो दिवा दिसणं तुमच्या सोयीपेक्षा फार मोठं आहे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: ८० च्या वर गेल्यावर वाजणारी बीप बंद करता येईल का? १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारना वेगाची सूचना बंधनकारक आहे. ८० च्या पुढे ती अधूनमधून वाजते, १२० च्या पुढे सलग. पुढच्या सीटच्या बेल्टची आठवणही त्याच नियमातली. सुरत–नागपूर हायवेवर ती कानाला त्रास देते, मान्य. पण तो गाडीच्या मंजुरीचा भाग आहे, काही सुखसोयीचा पर्याय नव्हे. ती बंद करू नका, कुणाला करूनही देऊ नका. कमी वेगात गाडी जो कृत्रिम आवाज काढते त्याचंही तेच. बाजाराच्या दिवशी गर्दीत शिरलेली बिनआवाजाची गाडी म्हाताऱ्या माणसाला कळत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आरसे मिटण्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण वॉरंटीचा आहे. कोडिंगचा माग मॉड्यूलमध्ये राहतो. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत तर प्रत्येक बदलासोबत वर्कशॉपचा क्रमांकही नोंदला जातो. गाडी वॉरंटीत असेल तर अटी आधी वाचा.

## टप्पा ३: सामान

अ‍ॅडॅप्टरवर पैसे वाचवू नका. ईएलएम३२७ लिहिलेले स्वस्त निळे डोंगल बऱ्याचदा नकली चिपचे असतात. एरर कोड वाचण्यापुरते ते चालतात, लिहिताना दगा देतात. कारण असं: मॉड्यूल्स ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या गाडीच्या कॅन वायरीवर एका वेळी साधारणतः आठच बाइट जातात. कोडिंगची ओळ, म्हणजे मॉड्यूलमधल्या सेटिंग्जच्या आकड्यांची रांग, तीस बाइटची असली तर ती तुकड्यातुकड्याने पाठवावी लागते, आणि नकली चिप मधलाच एखादा तुकडा गाळते. अ‍ॅप बनवणाऱ्याने ज्या अ‍ॅडॅप्टरची शिफारस केली आहे, तोच घ्या.

आयफोनला ब्लूटूथ एलई किंवा वायफायचा अ‍ॅडॅप्टर लागतो. वायफायचा असेल तर मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर "इथे इंटरनेट नाही" म्हणून फोन मध्येच दुसरीकडे उडी मारतो. काही अ‍ॅप्सना मात्र कोडिंग करताना इंटरनेट लागतंच, त्यांना ब्लूटूथचाच अ‍ॅडॅप्टर हवा.

याशिवाय साधा डिजिटल मल्टीमीटर, वही-पेन, आणि फोटो काढायला दुसरा फोन. वही मी मुद्दाम सांगतोय. अ‍ॅपमधला बॅकअप अ‍ॅपसोबत उडतो, वहीतला राहतो.

## टप्पा ४: १२ व्होल्टची छोटी बॅटरी

इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात. गाडीची मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली दिसते, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं. पण कोडिंग ज्या मॉड्यूल्समध्ये होतं ती सगळी चालतात छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. मोठी बॅटरी तिला डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणाऱ्या भागातून) भरते, आणि तो बहुतेक गाड्यांत रेडी अवस्थेत, म्हणजे गाडी निघायला तयार असताना, किंवा चार्जिंग चालू असतानाच काम करतो. नुसतं इग्निशन ऑन करून तुम्ही तासभर अ‍ॅपशी खेळत बसलात, तर सगळा भार छोटीवर पडतो. मॉड्यूल लिहीत असताना व्होल्टेज कोसळलं तर कोड अर्धवट राहतो.

त्यात आपला उन्हाळा. भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काही खात नाही. दोन-तीन उन्हाळे काढलेली बॅटरी रोज गाडी चालू करते, पण अर्धा तास भार झेलत नाही.

गाडी काही तास उभी राहिल्यावर, सगळं बंद असताना मल्टीमीटर लावा. लेड-अ‍ॅसिडसाठी आकडे असे:

- १२.६ किंवा जास्त: पुढे चला.
- १२.४ च्या आसपास: आधी गाडी थोडी चालवून किंवा चार्जर लावून भरून घ्या.
- १२.२ किंवा कमी: बॅटरी जेमतेम अर्धी आहे. आज कोडिंग नाही. आधी बॅटरीवाल्याकडून तपासून घ्या.

चार्जर लावून काम करायचं असेल तर तो कारसाठीचा स्मार्ट चार्जर किंवा मेंटेनर हवा, स्थिर व्होल्टेज देणारा. बॅटरीच्या दुकानातला मोठा जुना चार्जर लावू नका, त्याचं व्होल्टेज वरखाली होतं. निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल, तर काळी क्लिप टर्मिनलला न लावता कंपनीने दिलेल्या बॉडी अर्थच्या जागी लावा. काही इलेक्ट्रिक गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरीसुद्धा लिथियमची असते. तिला लेड-अ‍ॅसिडचा चार्जर चालत नाही. आधी लेबल वाचा.

आणि चार्जर आहे म्हणून कमजोर बॅटरीवर काम सुरू करू नका. लाईट कधी जाईल याचा नेम नाही. गेली, तर पुढची दोन मिनिटं गाडीला स्वतःच्याच बॅटरीवर काढायची असतात.

सावधान: बोनेट उघडल्यावर नारिंगी वायरी दिसतील. त्या मोठ्या बॅटरीच्या, जीवघेण्या व्होल्टेजच्या आहेत. त्यांच्या जोडण्यांना, त्यांच्या झाकणांना हात लावायचा नाही. कोडिंगसाठी त्यांची गरजच पडत नाही.

## टप्पा ५: वेळ, जागा आणि गाडीची अवस्था

एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत, सावलीत. उन्हात फोन तापला की स्वतःच मंद होतो किंवा बंद पडतो, आणि आत बसलेल्या माणसाचा हात एसीकडे जातो. रेडी नसताना ब्लोअर चालवला की १२ व्होल्टची बॅटरी पुन्हा खाली.

क्रम असा ठेवा:

१. चार्जिंगची केबल काढा. गाडी पी मध्ये, हँडब्रेक लावलेला.
२. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली करा आणि चावी खिशात ठेवा. मध्येच बॅटरी बसली तर इलेक्ट्रॉनिक हँडल उघडणार नाहीत. चावी आत आणि तुम्ही बाहेर, असं व्हायला नको.
३. एसी, दिवे, म्युझिक, सीटचा पंखा बंद.
४. फोन विमान मोडवर टाका, मग ब्लूटूथ चालू करा. अ‍ॅपला इंटरनेट लागत असेल तर वायफाय घ्या. लिहिताना फोन वाजायला नको. अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपसाठी बॅटरी बचत बंद करा.
५. अ‍ॅडॅप्टर ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये, बसवा. तो १६ पिनांचा असतो, बहुधा स्टिअरिंगखाली. तिरका लावून दाबू नका.
६. ब्रेकवर पाय न ठेवता स्टार्ट बटण दाबा. बहुतेक गाड्यांत याने इग्निशन ऑन होतं, रेडी येत नाही. तुमचं अ‍ॅप रेडी अवस्था मागत असेल तर त्याचं ऐका.

तपासा: अ‍ॅपमध्ये दिसणारं व्होल्टेज आणि मल्टीमीटरवरचं जवळपास सारखं आहे का? अ‍ॅपमधलं बरंच कमी असेल तर अ‍ॅडॅप्टर नीट बसलेला नाही किंवा हलक्या दर्जाचा आहे.

## टप्पा ६: आधी पूर्ण वाचन आणि जतन

काहीही बदलण्याआधी सगळ्या मॉड्यूल्सचा स्कॅन घ्या. आधीपासून असलेले एरर कोड पुसू नका, त्यांचे फोटो काढा. नंतर एखादा कोड दिसला तर तो तुमच्यामुळे आला की आधीचाच, हे ठरवायला एवढाच पुरावा असतो.

मग ज्या मॉड्यूलमध्ये बदल करायचा आहे त्याची कोडिंगची ओळ जशीच्या तशी जतन करा: अ‍ॅपमध्ये बॅकअप, दुसऱ्या फोनने फोटो, आणि वहीत हाताने. वहीत तारीख, किलोमीटर, मॉड्यूलचं नाव, त्याचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहा. आवृत्तीचा उपयोग शेवटी कळेल.

तपासा: तीच ओळ पुन्हा वाचा आणि वहीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. दोन वाचनांत फरक आला तर जोडणी खात्रीची नाही. आज काही लिहू नका.

## टप्पा ७: एक बदल, एकच

ज्यांच्या गाड्या अडकतात त्यांनी बहुधा एका दमात पाच-सहा गोष्टी बदललेल्या असतात. मग दिवा कशामुळे लागला ते सापडत नाही. एक बदल करा, लिहा, परत वाचा, चालवून बघा. मगच दुसरा.

अ‍ॅपमध्ये "चालू/बंद" असं सरळ बटण असेल तर काम सोपं आहे. कच्चा कोड बदलायचा असेल तर मोजणीत चूक होते. एक उदाहरण घेऊ. एखाद्या बाइटमध्ये ४ए आहे, आणि बिट २ चालू करायला सांगितलं आहे. बाइट म्हणजे आठ बिट, आणि बिट म्हणजे एक ० किंवा १. बाइट सोळाच्या पद्धतीत (हेक्साडेसिमल) लिहितात, तिथे ९ नंतर ए ते एफ येतात. ४ए म्हणजे ०१०० १०१०. बिट उजवीकडून मोजतात, आणि पहिल्याला शून्य म्हणतात. म्हणून बिट २ ही उजवीकडून तिसरी जागा. तिथे ० आहे, त्याचा १ केला की ०१०० १११०, म्हणजे ४ई. एकपासून मोजणारा माणूस उजवीकडून दुसऱ्या जागेवर जातो. तिथे आधीच १ दिसतो, आणि तो भलतीच गोष्ट बंद करून बसतो. बाइटसुद्धा शून्यापासूनच मोजतात.

दुसरी चूक आकड्यांची. दिवे ३० सेकंद हवेत म्हणून कच्च्या कोडमध्ये ३० लिहिलं, आणि दिवे ४८ सेकंद राहिले. तो आकडा सोळाच्या पद्धतीतला होता. ३० साठी १ई लिहायला हवं होतं. अ‍ॅप कोणती पद्धत वापरतं हे कळायला सोपी युक्ती आहे: गाडीच्या मेनूतून तेच सेटिंग २० सेकंदांवर ठेवा आणि अ‍ॅपमध्ये वाचा. २० दिसलं तर साधा आकडा, १४ दिसलं तर सोळाची पद्धत.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते: दुसऱ्याच्या गाडीची अख्खी ओळ उचलून आपल्यात टाकणं. मॉडेल तेच, रंगही तोच, तरी तुमच्या गाडीत आरशाला हीटर नसेल, कॅमेरा वेगळा असेल. ती ओळ म्हणजे गाडीत काय काय बसवलं आहे त्याची यादी असते. नसलेली वस्तू यादीत आली की मॉड्यूल तिला शोधत राहतं आणि एरर देतं. आपल्या ओळीतला फक्त हवा तो बिट बदला.

लिहायचं बटण दाबल्यावर हात बाजूला ठेवा. दार उघडू नका, बटणं दाबू नका. डॅशबोर्डवर काही दिवे क्षणभर लागतील, मॉड्यूल पुन्हा सुरू होताना ते साहजिक आहे.

तपासा: "यशस्वी" दिसलं तरी ओळ परत वाचा. बदललेला बाइट सोडून बाकी सगळं वहीसारखंच आहे ना?

## टप्पा ८: गाडीला झोपू द्या, मग चाचणी

इग्निशन बंद करा, अ‍ॅडॅप्टर काढा, गाडी लॉक करा आणि वीसेक मिनिटं तिच्याजवळ चावी नेऊ नका. काही बदल मॉड्यूल झोपून उठल्यावरच लागू होतात. ही वाट न बघता लोक "झालंच नाही" म्हणून तोच बदल पुन्हा पुन्हा लिहितात.

मग उघडा, रेडी करा. इंडिकेटर, हेडलाईट, ब्रेक दिवे, रिव्हर्स, वायपर, काचा, सगळी दारं, आणि चार्जिंग. हो, चार्जिंगसुद्धा. केबल लावून पाच मिनिटं चार्ज होतंय आणि नंतर केबल सुटतेय हे बघा. नंतर पुन्हा स्कॅन, आणि सकाळच्या फोटोंशी तुलना.

अ‍ॅडॅप्टर पोर्टमध्येच ठेवून देऊ नका. पोर्टच्या १६ नंबरच्या पिनवर कायम वीज असते. गाडी आठवडाभर उभी राहिली, तर तो छोटी बॅटरी उतरवून ठेवतो. मग सकाळी गावाकडून फोन, "भाऊ, गाडी बंद पडी गई."

## गाडी नकार देते तेव्हा

अ‍ॅपमध्ये दिसणारं मॉड्यूलचं कच्चं उत्तर ७एफ ने सुरू झालं तर गाडीने नकार दिला आहे. शेवटचे दोन अंक कारण सांगतात.

- ३३: कुलूप उघडलेलं नाही. कोड अंदाजाने टाकत बसू नका. थोड्या चुकांनंतर ३६ येतं आणि मॉड्यूल काही काळ दारच बंद करतं.
- २२: अवस्था बरोबर नाही. गाडी रेडी आहे का, चार्जिंग लागलंय का, व्होल्टेज कमी आहे का, ते बघा.
- ३१: तुम्ही दिलेली किंमत या मॉड्यूलला मान्य नाही. बहुधा ती दुसऱ्या मॉडेलची आहे. थांबा.
- ७८: हा नकार नाही, "काम चालू आहे, थांबा" असा निरोप आहे. इथे घाबरून अ‍ॅडॅप्टर उपटू नका.

लिहिताना जोडणी तुटली तर इग्निशन बंद न करता आधी पुन्हा जोडा आणि ओळ वाचा. जुनी असेल तर काहीच झालं नाही. अर्धवट असेल तर बॅकअप लिहा. मॉड्यूल उत्तरच देत नसेल तर इग्निशन बंद करून गाडी झोपू द्या, मग एकदाच प्रयत्न करा. तरीही नाही, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर. तिथे काय केलं ते लपवू नका, वही दाखवा. न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरवत ओढली की मोटर वीज तयार करते आणि इन्व्हर्टरला इजा होऊ शकते.

## सर्व्हिसला देण्याआधी आणि परत आल्यावर

सर्व्हिसला गाडी देण्याआधी बदल उलट्या क्रमाने मागे घ्या: शेवटचा आधी. एकाच मॉड्यूलमध्ये दोन बदल केले असतील, तर दुसऱ्या बदलाच्या आधीच्या बॅकअपमध्ये पहिला बदल असतोच. मधलाच कुठला बॅकअप लिहून "मूळ झालं" समजू नका. शेवटी ओळ वहीतल्या पहिल्या नोंदीशी ताडून बघा.

गाडी परत आल्यावर मॉड्यूलची सॉफ्टवेअर आवृत्ती वाचा. ती बदललेली असेल तर जुना बॅकअप आता वापरायचा नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच बाइटचा अर्थ वेगळा असू शकतो, ओळीची लांबीही बदललेली असू शकते. वहीत नवं पान काढा, नवी ओळ मूळ म्हणून उतरवून घ्या आणि टप्पा ६ पासून पुन्हा सुरू करा.